बोटीच्या ट्रेलरचे ब्रेक: एअर सगळ्यात शेवटी काढा

ह्यूस्टनला आल्यावर तिसऱ्या वर्षी मी जुनी बोट घेतली, आणि त्याच उन्हाळ्यात एक अख्खा शनिवार ट्रेलरच्या ब्रेकमधली एअर, म्हणजे ब्रेक ऑइलच्या पाइपात अडकलेली हवा, काढण्यात घालवला. बायको चाकामागच्या निपलपाशी (ऑइल बाहेर सोडायचा बारीक स्क्रू) बाटली धरून, मी पुढे पंप करतोय. ब्रेक ऑइलच्या दोन मोठ्या बाटल्या संपल्या. नळीतून एक बुडबुडा येईना, तरी ब्रेक काही लागेना. संध्याकाळी चाक उचलून बघितलं तर शू (आतून दाबून चाक थांबवणारे अर्धगोल भाग) आणि ड्रम (चाकाबरोबर फिरणारा डबा) यांच्यात इतकं अंतर होतं की शू तिथवर पोचतच नव्हते. महिनाभर आधी एका दुकानात ‘ब्रेक सर्व्हिस’चे पैसे मोजले होते, त्यांनी ऑइल बदललं होतं, शू ॲडजस्ट करायला मात्र हात लावला नव्हता. लाइनमध्ये एअर नव्हतीच.

तेव्हापासून क्रम ठरवून टाकलाय. आधी पुढची सरकती पेटी, मग चाकं, मग पाइप, आणि एअर सगळ्यात शेवटी. हा लेखही त्याच क्रमाने आहे.

पेडल नाही, मग ब्रेक लागतो कसा

अमेरिकेत बोटीच्या ट्रेलरला बहुतेक वेळा सर्ज ब्रेक असतो. ट्रकच्या ब्रेकशी त्याचा काही संबंध नसतो. ट्रक हळू झाला की मागचं वजन पुढे रेटतं, ट्रेलरच्या नाकाशी असलेली सरकती पेटी आत दबते, आणि आतला दांडा मास्टर सिलिंडरचा, म्हणजे ऑइलवर दाब देणाऱ्या नळकांड्याचा, पिस्टन ढकलतो. बाकी सगळं कारसारखंच: पाइप, मग ड्रम ब्रेकला व्हील सिलिंडर आणि शू, डिस्क ब्रेकला कॅलिपर आणि पॅड. विजेचे ब्रेक बोटीला फारसे लावत नाहीत, कारण हा ट्रेलर दर खेपेला अर्धा पाण्यात जातो. युरोपातल्या ट्रेलरलाही रेट्यावर चालणारा ब्रेक असतो, पण तिथे ऑइलऐवजी बहुधा दांडा आणि केबल ओढली जाते. त्यामुळे तिकडचे व्हिडिओ बघून इकडचा ट्रेलर उघडू नका.

या रचनेत एक अडचण आहे. रिव्हर्स घेतानाही ट्रेलर पेटीवर रेटतो, म्हणजे ब्रेक लागणार. त्यावर दोन उपाय असतात. ड्रम ब्रेकमध्ये शूची रचनाच अशी करतात की चाक उलटं फिरलं की पकड सुटते. डिस्कला तसं जमत नाही, म्हणून लाइनमध्ये एक सोलेनॉइड, म्हणजे विजेने चालणारा व्हॉल्व्ह, बसवतात. ट्रकचा रिव्हर्सचा दिवा लागला की सोलेनॉइड ऑइलची वाट अडवतो. त्यासाठी चारऐवजी पाच तारांचं कनेक्शन लागतं आणि पाचवी तार बहुतेक निळी असते. रॅम्पवर (बोट पाण्यात उतरवायच्या उतारावर) मागे जाताना ट्रेलर अडून बसला तर आधी ही तार बघा, हातोडा नंतर.

कायद्याचं म्हणाल तर राज्यागणिक नियम वेगळा. कॅलिफोर्नियात ३,००० पौंडांपासून अशा ट्रेलरला ब्रेक लागतो, फ्लोरिडात ३,००० पौंडांच्या वर, आमच्या टेक्सासात ४,५०० पौंडांच्या वर. वजन बोट, इंजिन, पेट्रोल आणि ट्रेलर असं सगळं मिळून धरायचं. टेक्सासात १ जानेवारी २०२५ पासून खाजगी वाहनांची वार्षिक सुरक्षा तपासणीही बंद झाली. म्हणजे आता ट्रेलरचा ब्रेक बघणारे तुम्ही एकटेच.

खडूची परीक्षा

काहीही उघडण्याआधी ट्रेलर ट्रकला जोडा. पेटीतून पुढे आलेल्या सरकत्या भागावर साधा खडू घासा. रिकाम्या गल्लीत ताशी दहा-पंधरा मैलांवर दोनदा ब्रेक मारा, उतरा आणि बघा. पेटीत जेवढा भाग शिरला तेवढा खडू पुसट झालेला असतो.

काहीच पुसलं नसेल तर पेटी किंवा तिचे रोलर गंजून जाम आहेत. असा ट्रेलर रस्त्यावर बिनब्रेकचाच असतो, ऑइल कितीही ताजं असू दे. साधारण इंचापेक्षा बराच जास्त भाग आत गेला असेल तर शू सैल आहेत, किंवा ऑइल कमी आहे, किंवा लाइनमध्ये एअर आहे; शक्यता याच क्रमाने. भाग थोडाच आत गेला आणि तरी ब्रेक लागत नसेल तर दाब तयार होतोय, पण चाकापर्यंत पोचत नाही किंवा तिथे पिस्टन अडकलाय. सिग्नलला थांबताना मागून ‘धाड’ असा धक्का बसत असेल तर पेटीतला शॉक ॲब्सॉर्बर गेलाय.

जाम झालेली पेटी सोडवायला दोन दिवस लागू शकतात. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवायचं, रोलरच्या पिना हलवून बघायच्या, सैल झाल्या की काढून पॉलिश पेपरने घासायच्या आणि पाण्यात टिकणारं ग्रीस लावायचं. पिनांची भोकं लांबट झाली असतील तर मी दुरुस्तीच्या फंदात पडणार नाही. पेटी नवीच घ्यायची.

एक गंमत याच ठिकाणी होते. ट्रेलर सुटला तर ब्रेक लागावा म्हणून ट्रकला एक पातळ केबल अडकवलेली असते. वळताना ती ताणली गेली, किंवा जॅकमध्ये अडकली, की आतली खिट्टी पुढे सरकते आणि तिथेच अडकते. ब्रेक अर्धवट लागलेला राहतो, हब (चाकाच्या मधला, बेअरिंगवर फिरणारा भाग) तापतात आणि माणूस बेअरिंगला दोष देत बसतो. स्क्रूड्रायव्हरने खिट्टी मागे सरकवली की काम होतं.

ड्रम उघडताना

बोट ट्रेलरवर असेल तर वजन जॅकवर सोडू नका. सपाट जागा, दुसऱ्या बाजूच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे, आणि एक्सलखाली घोडी (जॅक स्टँड). ट्रेलर ट्रकपासून सोडवलेला असेल तर नाकाखाली जॅक आहेच, पण त्याच्या जोडीलाही एक आधार द्या.

ट्रेलरचा ड्रम आणि हब बहुतेक एकाच ओतकामात असतात, म्हणून ड्रम काढायचा म्हणजे बेअरिंगही काढायचं. हे लोकांना उगाच जास्तीचं काम वाटतं. मला उलट बरं वाटतं, कारण वर्षातून एकदा बेअरिंग बघायला हवंच. ग्रीसची टोपी, कॉटर पिन, नट, वायसर, पुढचं बेअरिंग या क्रमाने काढा आणि त्याच क्रमाने कापडावर मांडा. मागचं ऑइल सील दर वेळी नवं घालायचं. सील काही डॉलरचं असतं. त्याने ग्रीस सोडलं तर शू टाकून द्यावे लागतात. हबला स्प्रिंगची टोपी लावून ग्रीस गनने ठासून भरणारे खूप लोक आहेत. हात जड असेल तर तेच ग्रीस मागचं सील ढकलून ड्रममध्ये उतरतं.

ड्रम निघाला की पहिलं काम व्हील सिलिंडरचं. रबराची टोपी नखाने किंचित उचला. आत ओल दिसली तर सिलिंडर गेला. पूर्वी आपल्याकडे मिस्त्री सिलिंडर होन करून (आतून घासून), रबर किट घालून परत बसवायचे. खाऱ्या पाण्यातल्या ट्रेलरसाठी मी ते करत नाही. बोअरमध्ये गंजाचे खड्डे असले की नवं रबर एका हंगामात फाटतं.

शू, स्प्रिंगा आणि ॲडजस्टर, सगळ्यांचीच अवस्था वाईट असेल तर सुटे भाग मोजत बसण्यापेक्षा मागच्या पत्र्यासकट अख्खा तयार ब्रेक घ्या. ३,५०० पौंडांच्या एक्सलला बहुधा १० इंच व्यासाचा, सव्वादोन इंच रुंद शूचा ब्रेक असतो आणि तो चार बोल्टवर बसतो. चार बोल्ट, एक पाइप, झालं. फक्त डावा-उजवा बदलू नका. एकेक शू बदलत असाल तर कमी लांबीचं लायनर असलेला शू गाडीच्या पुढच्या दिशेला येतो. गोंधळ होऊ नये म्हणून एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी बाजू बघून लावायला नमुना म्हणून राहते. मोबाइलवर फोटो काढलात तरी चालेल, पण समोरचा खराखुरा ब्रेक बघून जे कळतं ते फोटोत कळत नाही.

हब परत चढवताना नट घट्ट करताकरता हब फिरवत राहा, म्हणजे बेअरिंग नीट बसतं. मग हब न फिरवता नट सैल करा, बोटाने टेकेल इतकाच आवळा आणि नवी कॉटर पिन घाला. पान्याने आवळून तसंच ठेवलेलं बेअरिंग लवकर जळतं.

आता ते ॲडजस्टमेंट, ज्यापायी माझा शनिवार गेला. मागच्या पत्र्याला खाली एक खाच असते, तिच्यातून दातेरी चकती दिसते. चाक बसवा आणि पुढच्या दिशेने फिरवत फिरवत ती चकती आवळत जा. चाक हाताने फिरेनासं झालं की चकती उलटी दहाएक दाते सोडा. चाक हलकी खरखर करत मोकळं फिरायला हवं. पुढच्याच दिशेने फिरवायचं, कारण रिव्हर्समध्ये सुटणारी शूची रचना उलट फिरवताना ढिली पडते आणि माप चुकतं. चारही चाकांना ब्रेक असेल तर चारही चाकं.

डिस्क असेल तर

डिस्क उघडायला सोपी, खाऱ्या पाण्यातून आल्यावर धुवायला सोपी, आणि ॲडजस्टमेंटची कटकट नाही. मी गेल्या वर्षी डिस्क बसवल्या आणि परत ड्रमकडे जाणार नाही. पण ड्रम काढून डिस्क लावताना एक चूक सर्रास होते. ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये एक छोटा व्हॉल्व्ह लाइनमध्ये साधारण १० पीएसआय दाब राखून ठेवतो. ड्रममध्ये स्प्रिंगा शू मागे खेचतात, म्हणून हा दाब चालतो. डिस्कला अशा स्प्रिंगा नसतात. पॅड चिकटून राहतात आणि हब तापतात. डिस्कसाठी बनलेला मास्टर सिलिंडर किंवा पेटीच घ्यायला हवी.

कॅलिपर जाम आहे की पाइप, हे ओळखायची युक्ती अशी. सी-क्लँपने पिस्टन मागे ढकलून बघा. गेला नाही तर ब्लीडर निपल थोडं सैल करून परत ढकला. आता सरकला तर पिस्टन ठीक आहे. अडथळा पुढे, रबरी नळीत किंवा मास्टर सिलिंडरकडे आहे. नळी बाहेरून नवी दिसते आणि आतून सुजून बंद झालेली असते. निपल उघडूनही पिस्टन हलला नाही तर कॅलिपर बदला. एकच पॅड झिजला असेल तर सरकत्या पिना गंजल्यात. त्या साफ करून सिलिकॉन ग्रीस लावा, साधं ग्रीस रबर खातं.

पाइप

पाइप सहसा मधोमध फुटत नाही. जिथे क्लिप असते, जिथे फ्रेमच्या भोकातून तो आत शिरतो, जिथे चिखल साचतो, तिथेच गंजतो. म्हणून नखाने खरवडत बोट फिरवा. पापुद्रा निघाला तर तेवढा तुकडा नाही, पूर्ण लांबी बदला. तांबे-निकेलचा पाइप घ्या. हाताने वाकतो आणि गंजत नाही. स्टेनलेस आणखी टिकतं, पण त्याची फ्लेअर (पाइपच्या तोंडाची पसरट कड) घरच्या साधनाने नीट होत नाही. दुहेरी फ्लेअरच करायची. नट आधी पाइपवर चढवा, मग फ्लेअर करा. हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळेच एकदा तरी विसरतात. दोन तुकडे जोडायला पाण्याच्या नळाचं कॉम्प्रेशन फिटिंग कधीही वापरू नका.

टॉर्शन एक्सल असेल तर प्रत्येक चाकापाशी लवचीक रबरी नळी असायला हवी, कारण चाकाचा हात वरखाली होतो आणि फ्रेम स्थिर असते. पाइप बदलताना ती गाळून सरळ कडक पाइप जोडलेला मी एका विकत घेतलेल्या ट्रेलरवर बघितलाय.

आता एअर

लहानपणी गॅरेजात गाडीची एअर काढताना आमचं काम पेडलवर बसायचं. मिस्त्री खालून ओरडायचा, “मार… मार… धर! धरून ठेव!” ट्रेलरला पेडलच नाही. म्हणून बऱ्याच पेट्यांना खालच्या बाजूला एक भोक ठेवलेलं असतं. त्यातून लांब, जाड स्क्रूड्रायव्हर घालून दांडा रेटता येतो, तेच आपलं पेडल. भोक नसेल तर मागून हाताने चालवायचा व्हॅक्यूम पंप निपलला लावा. पुढून कमी दाबाने ऑइल ढकलणारं भांडंही मिळतं, पण त्याचं झाकण तुमच्या पेटीला बसतं का ते विकत घेण्याआधी बघा.

ब्रेक ऑइल डॉट ३ दर्जाचं घ्या, सीलबंद बाटलीतलं. गेल्या वर्षी उघडलेली बाटली टाकून द्या. हे ऑइल हवेतलं पाणी पितं. कोरडं असताना डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, पाणी शोषल्यावर तो १४० पर्यंत येतो. डॉट ४ त्यात मिसळलं तरी चालतं. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते मुळीच मिसळू नका. ऑइल रंग उडवतं, म्हणून बादलीत साबणाचं पाणी जवळ ठेवा, आणि डोळ्यांना चष्मा लावा.

ट्रेलर सपाट जागेवर, ट्रकपासून सोडवलेला, चाकांना ठोकळे लावलेले. मास्टर सिलिंडरवरची ऑइलची टाकी काठोकाठ नको, अर्धा इंच खाली भरा. टाकीतलं जुनं ऑइल दुधी किंवा चहासारखं असेल तर आधी ते सिरिंजने काढून फेकून द्या, नाहीतर तीच घाण सगळ्या लाइनीतून फिरवाल.

मास्टर सिलिंडर नवा असेल किंवा पूर्ण रिकामा झाला असेल तर पहिली एअर त्याचीच. पाइपच्या तोंडाला लावलेली छोटी नळी परत टाकीत बुडवा आणि दांडा हळूहळू, पूर्ण लांबीने दाबा. बुडबुडे थांबेपर्यंत. हे न करता चाकाकडे धावलात तर चाकापाशी तासभर पंप करत बसाल.

मग पाइपने सगळ्यात दूर असलेल्या चाकापासून सुरुवात. दोन एक्सलच्या ट्रेलरला ते मागच्या एक्सलचं असतं, पण डावं की उजवं हे पाइप बघून ठरवा. नकाशा पाठ करू नका. निपलवर आधी रिंग पाना, मग पारदर्शक नळी, तिचं टोक थोडं स्वच्छ ऑइल असलेल्या बाटलीत बुडलेलं. पुढचा माणूस दांडा सावकाश दाबतो आणि “धरलं” म्हणतो. मागचा निपल पाव-अर्धा आटा उघडतो, ऑइल वाहतं, निपल बंद करतो आणि “सोड” म्हणतो. दांडा सोडायचा तो “सोड” ऐकल्यावरच. आधी सोडलात तर उघड्या निपलातून हवा परत आत जाते. भराभर पंप केलात तर हवेचा एक बुडबुडा फुटून त्याचे हजार होतात आणि ते बाहेर यायचं नाव घेत नाहीत.

पाच-सहा दाबांनंतर टाकी बघा. टाकी रिकामी झाली तर पहिल्यापासून. माझं असं दोनदा झालंय, म्हणून आता टाकीचं झाकण ट्रकच्या बॉनेटवर समोर ठेवतो. ते दिसलं की ऑइल आठवतं. सलग पाच-सहा दाबांत बुडबुडा आला नाही आणि ऑइल बाटलीतल्यासारखं स्वच्छ आलं, की पुढचं चाक.

एवढं करूनही दांडा मऊ लागत असेल तर कॅलिपर बघा. निपल सगळ्यात वर आहे का? डावा-उजवा कॅलिपर बदलला की निपल खाली जातं आणि वरच्या पोकळीतली हवा कधीच निघत नाही. कॅलिपर सोडवून, पॅडमध्ये लाकडाचा तुकडा धरून, निपल वर करून एअर काढता येते, पण खरा उपाय कॅलिपर योग्य बाजूला लावणं हाच.

निपल गंजलेलं असेल तर बारा कोनांच्या पान्याने ते गोल होतं. सहा कोनांचा सॉकेट, आदल्या रात्री तेल, आणि उलटं फिरवण्याआधी किंचित घट्ट करून बघणं. तरी हललं नाही तर मुळाशी थोडी धग द्या. पण तिथे क्लोरीनचा ब्रेक क्लीनर मारलेला असेल तर आग मुळीच जवळ आणू नका. त्या वाफेतून फॉस्जिन हा विषारी वायू तयार होतो.

खात्री

एक चाक उचला. साथीदाराने स्क्रूड्रायव्हरने दांडा धरून ठेवायचा, तुम्ही चाक पुढच्या दिशेने फिरवा. अडायला हवं. सोडल्यावर मोकळं फिरायला हवं. हे प्रत्येक चाकाला करा. मग ट्रक जोडा. डिस्क असेल तर ट्रक रिव्हर्सला टाकून सोलेनॉइडची ‘टिक’ ऐका. परत खडू घासा आणि गल्लीत दोनदा ब्रेक मारा.

मग दहाएक मैल चालवून सगळ्या हबवरून हात फिरवा, आधी दुरूनच, कारण चिकटलेला ब्रेक भाजतो. वीस-तीस डॉलरचा अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांचा थर्मामीटर असेल तर उत्तम. नेमका आकडा किती याला फार अर्थ नाही. एक हब बाकीच्यांपेक्षा खूप गरम असेल तर तिथला ब्रेक सुटत नाही, आणि एकच थंड असेल तर तिथला लागतच नाही. चाकाचे नट दहा, पंचवीस आणि पन्नास मैलांनंतर परत आवळा. जुनं ऑइल गटारात नाही, गावच्या घातक कचरा केंद्रावर द्यायचं.

कोकणात होडी किनाऱ्यावर ओंडक्यांवरून ओढून घेतात, तिथे यातलं काही लागत नाही. इथे टेक्सास सिटीच्या पाच मैल लांबीच्या डाइकवर (खाडीत शिरलेल्या बांधावर) गाड्यांची रांग असते, मागचा हॉर्न वाजवतो आणि लोक तापलेला हब तसाच खाऱ्या पाण्यात घालतात. हब एकदम गार झाला की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढलं जातं. म्हणून रॅम्पवर पोचलो की मी आधी बाजूला थांबतो. दोऱ्या, फेंडर, बोटीच्या तळाचं बूच, सगळं तिथेच उरकतो. वीसेक मिनिटं जातात. घरी आल्यावर ड्रमच्या मागच्या पत्र्यातून किंवा डिस्कवर गोड्या पाण्याचा होज धरतो, चाक फिरवत, प्रत्येकाला दोनेक मिनिटं.